सगळं त्याच्यासाठीच का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही सिंहगड रोडला राहतो. मुलगा सात वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, मुलगी अकरा वर्षांची. त्याला आकडे आणि पाणी प्रचंड आवडतं, तिला चित्रं काढायला. रविवारी कुठंही गेलो की निम्म्यातून परत यावं लागतं. मागच्या महिन्यात मॉलमध्ये तो कान दाबून खालीच बसला, आम्ही सगळे घरी आलो आणि लेक म्हणाली, आता मी तुमच्याबरोबर येणारच नाही, सगळं त्याच्यासाठीच असतं. चौघांनी मिळून काही करणं जमेल का हो? – एक आई

उत्तर: लेक खरं तेच बोललीय. तिला रागवू नका, आणि "तू मोठी ना, समजून घे" हे तर अजिबातच म्हणू नका. या भावंडांना राग येतो, चारचौघांत लाज वाटते, मग लाज वाटली म्हणून परत वाईट वाटतं, आणि हे सांगायचं कुणाला? अमेरिकेत डॉन मेयर यांनी १९८२ मध्ये सिबशॉप नावाचे मेळावे सुरू केले ते याच मुलांसाठी, तिथे ती खेळतात आणि आपल्यासारख्याच भावंडांशी मनातलं बोलतात.

मॉलमधला तो हट्ट नव्हता, दिवे, गाणी, गर्दी सगळं एकदम अंगावर आलं त्याच्या. लेकीला असं सांगून बघा, विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाच्या मधोमध उभं करून तुला गणितं घातली तर?

आता रविवारचं. एकत्र म्हणजे चौघांनी एकच गोष्ट करायची असं थोडंच आहे! पु. ल. देशपांडे उद्यान तुमच्याच रस्त्यावर आहे, जपानी धाटणीचं, वाहतं पाणी आहे, सकाळी लवकर गेलात तर गर्दीही कमी. तो पाणी बघेल, ती शेजारी बसून चित्र काढेल. फक्त पाण्याजवळ एक मोठं माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर हवंच, आणि ते काम लेकीवर टाकू नका, ती त्याची दुसरी आई नाहीये. दुसरं म्हणजे पर्वती. १०३ पायऱ्या, त्याने मोजायच्या, तिने मध्येच मुद्दाम आकडा चुकवायचा, तो दुरुस्त करेल बघा.

आदल्या रात्री चित्रांची पट्टी करा, घर, रिक्षा, बाग, इडली, घर, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला दिसतं. लेकीला काढावीशी वाटली तर काढेल, नाहीतर मोबाईलवरचे फोटो चालतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघायच्या आधीच ठरवा की त्याला सहन होईना झालं तर त्याला घेऊन कोण परतणार. दुसऱ्याने लेकीबरोबर थांबायचं, तिचं चित्र, तिची भेळ, जे काय राहिलं असेल ते पूर्ण होईपर्यंत. तिची सहल दर वेळी त्याच्याबरोबर संपते ना, तेच तिला लागतंय. शिवाय आठवड्यात अर्धा तास फक्त तिचा ठेवा, थेरपीची वेळ बदलली तरी तो रद्द करायचा नाही, त्या वेळात भावाचा विषयही तिने काढला तरच.

पहिल्यांदा पाऊण तासच जा, त्याला मजा येत असतानाच निघा. आणि त्याच्या पुढच्या रविवारी कुठे जायचं ते लेकीला ठरवू दे.