म्हैसूरहून उटीला आई-बाबा आणि लहान मुलांसोबत गाडीने जायचंय, कोणता घाट घ्यावा?

गुडलूरचा घ्या, डोळे झाकून. मसिनगुडीवरून कल्हट्टी घाटाने अंतर तीसेक किलोमीटरनं वाचतं, पण ३६ हेअरपिन वळणं आणि छातीवर येणारा चढ. आम्ही एकदा त्या मोहात पडलो. विसाव्या वळणाला आई पांढरीफटक पडली, मागच्या सीटवर धाकट्याला उलट्या, आणि थांबायला धड जागा नाही. उतरताना तर त्या वाटेला जाऊच नका, ब्रेक तापून तिथे अपघात होतात. बाहेरच्या गाड्यांना तिथून खाली सोडतही नाहीत.

गुडलूरचा रस्ता लांब आहे, पण चढ सोसवतो. नडुवट्टमला चहाच्या मळ्यांशी गाडी थांबवा, मुलांना मोकळी हवा लागू द्या. पुढे निलगिरीच्या झाडांचा ओला, औषधी वास काच खाली केली की आत येतो. बाबांना तो फार आवडला होता.

वाटेतल्या बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, म्हणून म्हैसूर सकाळीच सोडा. जंगलात हत्ती दिसला तरी गाडीतून उतरू नका, हॉर्न तर नाहीच. मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात (उटी त्यातच येतं) शिरायला ई-पास लागतो, तो घरूनच काढा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, स्टीलच्या भरून न्या.

उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आईसाठी पुढची सीट आणि आवळासुपारी.