एक्सएमएल फाइलमध्ये नुसत्या खुणाच का दिसतात?

प्रश्न : ग्रंथसंग्रहाची यादी मी एक्सएमएलमध्ये (माहितीला आपणच ठरवलेल्या खुणा लावण्याच्या पद्धतीत) तयार केली, पण ब्राउझरमध्ये उघडल्यावर सुबक तक्त्याऐवजी कोनी कंसांतल्या खुणा जशाच्या तशा दिसल्या. वेबपानांच्या नेहमीच्या भाषेतले, म्हणजे एचटीएमएलचे पान मात्र व्यवस्थित दिसते. माझे काही चुकले का?

उत्तर : नाही. एखादी खूण बंद करायची राहिली असती, तर ब्राउझरने त्रुटीचा संदेश दाखवला असता. आपण ‘लेखक’ ही खूण वापरून अमुक मजकूर म्हणजे लेखकाचे नाव आहे एवढेच सांगितले. ते नाव कोणत्या आकारात, कोणत्या रंगात किंवा कोणत्या रकान्यात दिसावे, याविषयी फाइल मौन बाळगून आहे. एचटीएमएलमधील खुणाही मुळात मजकूर काय आहे हेच सांगतात, पण त्या ठरावीक असल्यामुळे प्रत्येक ब्राउझर त्यांच्यासाठी स्वतःची स्टाइलशीट, म्हणजे काय कसे दिसावे याच्या नियमांची यादी, बाळगतो. शीर्षक मोठे आणि ठळक दिसते ते या स्टाइलशीटमुळे.

मजकूर काय आहे आणि तो कसा दिसावा, हा भेद सुरुवातीला फारसा पाळला गेला नाही. जानेवारी 1997 मधील एचटीएमएल 3.2 मध्ये अक्षरांचा आकार आणि रंग सांगणारी ‘फॉन्ट’ ही खूण अधिकृतपणे होती, आणि त्यामुळे रंग बदलायचा तर प्रत्येक पान उघडून दुरुस्त करावे लागे. रूप वेगळे लिहिण्यासाठीची सीएसएस ही स्टाइलशीटची भाषा डिसेंबर 1996 मध्येच प्रमाणित झाली होती. पुढे वर्षभरात आलेल्या एचटीएमएल 4.0 ने ‘फॉन्ट’ टाळावी असे सांगितले.

रूप वेगळे ठेवल्याने श्रम वाचतात हे खरे, पण मला त्याहून मोठा वाटणारा मुद्दा वेगळा आहे. पुस्तकाचे नाव, परभाषेतील शब्द आणि जोर देण्याचा शब्द हे तिन्ही आपण केवळ ‘तिरपे’ अशी खूण करून ठेवले, तर उद्या फक्त पुस्तकांची नावे वेगळी काढणे संगणकाला शक्य होत नाही. उलट तिन्हींना अर्थानुसार खुणा असतील, तर ती सारी तिरपी दाखवणे एका ओळीचे काम आहे. (देवनागरीत तिरपी अक्षरे तशीही बेडौल दिसतात, तेव्हा हा निर्णय बदलावा लागणारच.) तारखेचेही तसेच : ‘03/04/2024’ म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहते. फाइलमध्ये ‘2024-04-03’ लिहावे, वाचकाला ‘3 एप्रिल 2024’ दाखवावे.

अर्थात ही सीमारेषा सर्वत्र स्वच्छ नसते. कवितेतील ओळ कोठे तुटते हे दिसण्यापुरते नसून कवितेचाच भाग असते, म्हणून ते खुणांमध्येच नोंदवावे लागते.

आपल्या यादीसाठी फाइलच्या आरंभी स्टाइलशीटचा निर्देश करून सीएसएस जोडली, तर साधा तक्ता दिसेल. लेखकानुसार क्रम लावायचा असेल, तर एक्सएसएलटी या एक्सएमएलचे रूपांतर करणाऱ्या भाषेने एचटीएमएल पान बनवावे. मात्र हे रूपांतर आधीच आपल्या संगणकावर करून घ्यावे, कारण ब्राउझरमधील एक्सएसएलटी 1999 च्या पहिल्या आवृत्तीपुढे गेलेली नाही. मूळ फाइलला हात लावण्याची गरज दोन्ही मार्गांत जवळपास पडत नाही.