जुनं क्वार्ट्झ घड्याळ घेताना

भावा, सांगलीच्या बाजारात जुनं सेइको दिसलं की लगेच खिशात हात घालू नकोस. मागच्या झाकणावरच्या मॉडेल क्रमांकाचे पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा क्रमांक. दुकानदाराला झाकण उघडायला लाव आणि आत तोच आहे का ते ताडून बघ. कां-कू करत असेल तर पुढं चल. सिरीयल नंबरचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी.

नवखे फसतात ते इथं:

- चकचकीत तबकडी. भिंगातून अक्षरं जाड, मिनिटांच्या खुणा वाकड्या दिसल्या, की ती पुन्हा रंगवलेली समज.
- पॉलिश मारून कडा गोल झालेली केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच.
- बॅटरीखालचा हिरवा गंज.

पट्टा बदललेला चालतो. ३६० हर्ट्झला गुणगुणणारं अ‍ॅक्युट्रॉन, म्हणजे बुलोव्हाचं ट्यूनिंग फोर्कवर चालणारं जुनं घड्याळ, कितीही भुरळ घालो, एवढ्यात त्याच्या नादाला लागू नकोस.