प्रश्न तुमचे : माऊसला हात न लावता फाइलभर फिरायचं कसं?

प्रश्न : मी भाषांतराची कामं करते, वर्डमधली एकेक फाइल ऐंशी-नव्वद पानांची असते. एक शब्द बदलायला माऊस धरा, मग टाइप करा, परत माऊस, संध्याकाळी मनगट भरून येतं. शॉर्टकटचा तक्ता प्रिंट काढून समोर लावलाय पण डोक्यात काही राहत नाही. नक्की कुठले शिकू?

उत्तर : ताई, आधी तो तक्ता काढून ठेवा. असल्या तक्त्यांत निम्म्या गोष्टी कधीच लागत नाहीत आणि लागतात त्या त्या गर्दीत सापडत नाहीत. तुम्हाला खरं तर दोनच बटणं समजून घ्यायचीयत, कंट्रोल आणि शिफ्ट. नुसता बाण दाबला की कर्सर एक अक्षर किंवा एक ओळ सरकतो, कंट्रोल धरून दाबला की उडी मोठी होते, म्हणजे डावा-उजवा बाण एकेक शब्द आणि वरचा-खालचा एकेक परिच्छेद. होम-एंडचं पण तेच, नुसतं दाबलं तर ओळीचं टोक, कंट्रोल धरून दाबलं तर थेट फाइलचं टोक. आणि यातल्या कशालाही शिफ्ट जोडलं की कर्सर जाईल तिथपर्यंतचा मजकूर सिलेक्ट होत जातो, बास.

आता समजा ओळीचे शेवटचे तीन शब्द बदलायचेत. एंड दाबून ओळीच्या शेवटी जा, कंट्रोल आणि शिफ्ट धरून ठेवा आणि डावा बाण मारत जा, तीन शब्द निळे-करडे झाले की सरळ नवीन टाइप करायला लागा, डिलीट दाबायची पण गरज नाही. (पूर्णविराम, स्वल्पविराम वर्ड वेगळा मोजतं, त्यामुळे बाण एखाददोनदा जास्त लागतो.) एक शब्द जास्तीचा आला तर बटणं न सोडता उजवा बाण एकदा, लगेच सुटतो.

मोठ्या फाइलसाठी अजून एक सांगतो जे फारसं कोणी वापरत नाही, शिफ्ट आणि एफ५. वर काहीतरी बघायला गेलात आणि आपण कुठे टाइप करत होतो तेच सापडेना, तर हे दाबा, वर्ड शेवटच्या तीन जागा लक्षात ठेवतं आणि तिथे परत नेतं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्या उघडल्या दाबलंत तर काल जिथे थांबला होतात तिथे. नुसतं एफ५ दाबलं तर पान नंबर विचारतं, नंबर टाकून एंटर.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर होम आणि एंड ही बटणंच नाहीत, काय करू?

उत्तर : असतात हो, लपलेली असतात. खाली कोपऱ्यात एफएन लिहिलेलं बटण बघा, ते धरून डावा बाण म्हणजे होम आणि उजवा म्हणजे एंड, बऱ्याच लॅपटॉपवर असंच असतं. मॅक असेल तर कमांड आणि बाणाने ओळीचं टोक, ऑप्शन आणि बाणाने शब्द.

प्रश्न : मराठी टाइप करताना बॅकस्पेस मारला तर नुसती वेलांटी जाते आणि डिलीट मारलं तर अख्खं अक्षर गायब होतं. की-बोर्ड बिघडलाय का?

उत्तर : छे, ठणठणीत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने मराठी अक्षरं साठवतो त्यात, ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं पण आत सहा तुकडे असतात, स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. बॅकस्पेस शेवटून एकेक तुकडा काढतो, डिलीट आणि बाण मात्र बहुतेक ठिकाणी पूर्ण जोडाक्षर एकच धरतात. याचा फायदाच घ्या ना, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर कर्सर अक्षराच्या नंतर ठेवून एकदा बॅकस्पेस मारा आणि फक्त वेलांटी परत द्या, जोडाक्षर नव्याने जुळवत बसू नका. आणि सगळाच शब्द नको असेल तर कंट्रोल धरून बॅकस्पेस.