जवळच्या चर्चमध्ये दर महिन्याला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची मैफल असते. मी ख्रिश्चन नाही आणि हे संगीत मला कळतही नाही. जावं का?

जरूर जा. पहिल्या शंकेत फारसा दम नाही. मैफल म्हणजे प्रार्थना नव्हे. दारात कोणी धर्म विचारत नाही, गुडघे टेकावे लागत नाहीत. माझ्या शेजारी नेमाने येऊन बसणाऱ्यांत एक-दोन कट्टर नास्तिक आहेत. दुसऱ्या शंकेबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण चर्चमध्ये संगीत कळण्याआधी ते नीट ऐकू येण्याचा प्रश्न असतो.

अशाच एका मालिकेला मी बरीच वर्षं जातोय. हल्ली खुर्च्या लावण्यापासून पियानोवादकाची पानं उलटण्यापर्यंत पडेल ते काम करतो. त्यावरून एकच सल्ला ठामपणे देईन: पहिला कार्यक्रम निवडताना संगीतकाराचं नाव बघू नका, वाद्य बघा.

दगडी भिंती, उंच छत, आत पडदे-गालिचे नाहीत. त्यामुळे स्वर थांबला तरी तो घुमत राहतो. चांगल्या कॉन्सर्ट हॉलमध्ये हे घुमणं साधारण २ सेकंदांचं असतं. मोठ्या दगडी कॅथेड्रलमध्ये ते ६ ते ८ सेकंदांपर्यंत सहज जातं. लहान चर्च या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. त्यातही रिकामं चर्च वेगळं आणि भरलेलं वेगळं, कारण माणसं आणि त्यांचे कपडे बराच आवाज पिऊन टाकतात. दुपारच्या तालमीला आलेला अनुभवी पियानोवादक आधी एखादी जलद जागा वाजवतो, हात उचलतो आणि नुसता ऐकत बसतो. मग कोणाला तरी शेवटच्या बाकावर पाठवतो, पुन्हा वाजवतो, पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) कमी करतो, लय थोडी उतरवतो. संध्याकाळी लोक बसल्यावर त्याला हा हिशेब पुन्हा एकदा जुळवावा लागतो.

आता यात काय खुलतं? एकटा चेलो, म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचं, व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य. जर्मन संगीतकार बाखचे विनासाथ चेलोचे सहा सुइट, म्हणजे अनेक छोट्या भागांच्या रचना, आहेत. त्यातल्या पहिल्या, जी मेजर या स्वरपट्टीतल्या सुइटचा प्रेल्युड, म्हणजे सुरुवातीचा भाग, कार्यक्रमपत्रिकेवर दिसला तर बाकीची कामं बाजूला ठेवून जा. त्यात बहुतेक वेळ एका वेळी एकच स्वर वाजतो. कोरड्या खोलीत खालचा स्वर विझून जातो आणि त्याची वरच्या स्वरांशी सांगड आपल्याला मनात घालावी लागते. चर्चमध्ये वरचा स्वर येतो तेव्हा खालचा अजून हवेत असतो. सांगड आयती कानावर येते, काहीही न शिकता. गायनवृंद, बासरी, ल्यूट (छेडून वाजवायचं जुनं तंतुवाद्य), संथ लयीतलं तंतुवाद्यांचं क्वार्टेट, म्हणजे चौघांचा संच, हेही तिथे छान वाटतं.

याउलट भरधाव, तोडून वाजवायचा पियानो. वादक कितीही तयारीचा असो, मागच्या बाकांवर त्याची खिचडी होऊन पोचते. नवखा माणूस नेमका अशा कार्यक्रमाला जातो, कारण पत्रिकेवर ओळखीचं मोठं नाव असतं, आणि 'आपल्याला काही कळत नाही' म्हणत घरी येतो. कळण्याचा तिथे संबंधच नसतो. तोच माणूस पुढे, वाद्याजवळ बसला असता तर वाद्याचा थेट आवाज घुमाऱ्यावर मात करून त्याच्यापर्यंत पोचला असता. म्हणून पुढच्या काही रांगांत बसा. सज्जाखाली बसायचं टाळा, तिथे आवाज दबतो. चर्चचा ऑर्गन, म्हणजे नळ्यांत हवा सोडून वाजवायचं अवाढव्य वाद्य, असेल तर मात्र उलटं करा, मध्यावर किंवा जरा मागे बसा. नळ्या बहुधा उंचावर असतात आणि ते वाद्य साऱ्या वास्तूत पसरल्यावरच पुरं होतं. सर्वांत मोठ्या नळ्यांचे खर्जाचे स्वर कानापेक्षा बसायच्या बाकातून जास्त जाणवतात. वादक बहुतेकदा दिसतच नाही, त्याला इलाज नाही.

जुन्या संगीतकारांना हे सगळं पाठ होतं. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये जोव्हानी गाब्रिएली वादकांचे आणि गायकांचे गट वेगवेगळ्या सज्ज्यांत उभे करून त्यांच्यात सवाल-जवाब घडवायचा. चर्चमधल्या मैफलींची मालिका हाही आजचा शोध नाही. जर्मनीतल्या ल्युबेक शहरात बुक्स्टेहूड १६६८ मध्ये मारियनकिर्शे या चर्चचा ऑर्गनवादक झाला आणि १६७३ पासून नाताळाआधीच्या पाच रविवारी त्याच्या मैफली होऊ लागल्या. खर्च गावातले व्यापारी उचलायचे, श्रोत्यांना प्रवेश मोफत. १७०५ मध्ये विशीतला बाख आर्नश्टाट या गावातल्या आपल्या ऑर्गनवादकाच्या नोकरीतून चार आठवड्यांची रजा काढून त्याला ऐकायला ल्युबेकला गेला. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, आणि तो ते पायी चालून गेला असं सांगतात. तिथे तो चारेक महिने रमला. परतल्यावर वरिष्ठांनी त्याची झडती घेतली, ते ओघानं आलंच!

टाळ्यांची भीती सगळ्यांनाच वाटते. पत्रिकेत एका रचनेखाली तीन-चार ओळी दिसतात, ते तिचे भाग. मधल्या विरामांत टाळ्या वाजवत नाहीत. मोजत बसू नका. वादक गज खाली घेऊन सैलावला, किंवा मांडीवर हात ठेवून उठायला लागला, की संपलं. चर्चमध्ये त्यानंतरही क्षणभर थांबा, शेवटचा स्वर अजून वर फिरत असतो. आणि चुकून मध्येच वाजलीच टाळी, तर ओशाळू नका. १८१३ मध्ये बेथोव्हेनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा श्रोत्यांनी तिचा दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला होता. हे शिस्तीचं प्रकरण नंतरचं.

बऱ्याच ठिकाणी मैफल पाऊण-एक तासाची, मध्यंतराशिवाय असते. दगडी इमारत आतून गार असते, अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या. गारव्याचा त्रास ऑर्गनलाही होतो बरं का. हवेचं तापमान एका अंश सेल्सिअसने चढलं की त्याच्या नळ्यांचा स्वर अर्ध्या स्वराच्या साधारण तीन शतांशांनी चढतो, पियानोचा तसा चढत नाही. त्यामुळे ऑर्गन आणि पियानो एकत्र असलेल्या कार्यक्रमाआधी हीटर कधी लावायचा यावर आमच्याकडे हमखास वाद होतो.

एकदा जाऊन मत बनवू नका. मालिकेचा खरा फायदा असा की जागा तीच राहते आणि वाद्यं बदलतात. या महिन्यात चेलो, पुढच्या महिन्यात गायनवृंद, मग ऑर्गन, असं एकाच बाकावरून ऐकलंत की फरक आपोआप कानात बसतो. पियानोसाठी तेवढे पुढे सरका.

प्रवेश मोफत असेल तर बाहेर पडताना दाराशी पेटी किंवा तबक असतं. जमेल ते टाका. पियानो लावून घेण्याचा खर्च बहुधा त्यातूनच निघतो. वादकाशी बोलायला बिचकू नका, त्यांतले बरेच जण शिकणारे तरुण असतात आणि मागे कसं ऐकू आलं हे त्यांना खरंच हवं असतं. आणि स्वरलिपी थोडीफार वाचता येत असेल तर संयोजकांना तसं सांगून ठेवा. पियानोवादकाच्या डाव्या हाताला बसून, त्याने मान हलवली की डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरून उलटणारा माणूस त्यांना नेहमीच कमी पडतो. शिवाय त्याहून पुढची खुर्ची कोणाला मिळत नाही.