संध्याकाळचा पहिला अर्धा तास

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

दिवसभराच्या बैठका आणि परतीच्या लोकलमधली गर्दी सोसून घरी आल्यावर आईच्या साध्या प्रश्नालाही उत्तर द्यावेसे वाटत नाही, आणि मग त्याचीच टोचणी लागून रात्री झोप येत नाही, असे तू लिहिले आहेस. याला तुसडेपणा समजू नकोस. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख वृत्तींची सविस्तर मांडणी केली, तीही स्वभावाचे प्रकार म्हणूनच.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: घरी आल्यानंतरचा पहिला अर्धा तास स्वतःसाठी राखून ठेव आणि घरच्यांना तसे आधीच सांग. ‘आठ वाजता जेवायला तुमच्यात बसेन’ एवढे वाक्य पुरते; न सांगता दार लावून घेतलेस, तर तो रुसवा वाटतो. वेगळी खोली नसेल, तर गच्ची आहेच. हातपाय धुऊन कपडे बदल, ट्यूबलाइट मालवून लहान दिवा लाव, आणि हवा तर सतारीवरचा यमन ऐक. तो याच वेळेचा राग आहे. मोबाइल मात्र दूर ठेव, कारण माणसांत वावरून शिणलेल्या मनाला व्हॉट्सॲपचे गट म्हणजे पुन्हा तीच गर्दी.

त्यानंतर घरच्यांत जाताना असे काम घे, ज्यात बोलण्याची सक्ती नसते. आईसमोर बसून मेथीची जुडी निवडणे मला यासाठी फार मोलाचे वाटते: नजर ताटात असते, पाने एकीकडे आणि देठ दुसरीकडे पडत जातात, मध्येच कोणी एखादे वाक्य बोलते आणि त्याला लगेच उत्तर देण्याची घाई कोणालाच नसते. तुला ती नकोशी झालेली नाही, हे तिला अशा वेळी न सांगताही कळते.

चहा-कॉफी दुपारी चारनंतर टाळ. कॅफीनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.

अंथरुणावर पडल्यावर दिवसभरातली संभाषणे मनात घोळत राहतात, त्यावर एक उपाय करून पाहा. पाच मिनिटे वहीत उद्याची कामे लिही, तीही नेमकी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना लवकर झोप लागली.

पाहुणे आले किंवा लग्नसमारंभ निघाला, तर हा अर्धा तास उशिरा घे. पण सोडू नकोस. आईशी बोलणे झाले की मला कळव.

तुझा हितचिंतक