निवारा केंद्रातील गरीब स्वभावाची मिश्र जातीची कुत्री शेतकऱ्याच्या घरी आणावी का?

आपण विचारले आहे की, नागपूरच्या एका निवारा केंद्रात पाहिलेली दोन-अडीच वर्षांची मिश्र जातीची कुत्री फार गरीब वाटली, ती भुंकत नाही, अंगावर येत नाही. आपल्या घरी पाच वर्षांचा मुलगा, बैलजोडी आणि चार शेळ्या आहेत, शिवाय रात्री वावराच्या राखणीलाही ती कामी यावी अशी इच्छा आहे, तर तिला आणावे का? माझे मत असे की घरासाठी अवश्य आणावी, राखणीसाठी आणू नये. मात्र त्याआधी ती खरोखर गरीब आहे की नुसती भेदरलेली आहे, हे आपण स्वतः पारखून घ्यावे, कारण पिंजऱ्याबाहेरून पाहणाऱ्याला ही दोन्ही कुत्री सारखीच दिसतात.

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या घरी चार वर्षांपूर्वी अशीच एक कुत्री आली. लॅब्राडॉर आणि गावठी यांच्या मिश्रणातून झालेली, मातकट रंगाची. आईने तिचे नाव भुरी ठेवले. पहिला आठवडाभर ती भुंकली नाही, तिने शेपूट हलवली नाही आणि माणूस समोर असेपर्यंत ताटलीला तोंड लावले नाही. ‘हे कुत्रं हाय का गाय व्हय?’ असे आई म्हणाली आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या स्वभावाचे कौतुक केले. नवव्या दिवशी ती बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली झोपली असताना पुतण्याने मागून जाऊन तिला मिठी मारली, तेव्हा ती गुरगुरून उठली आणि तिने हवेत दात आपटले. दात लागले नाहीत, पण आम्ही ज्याला शांतपणा म्हणत होतो ती भीती होती, हे त्या दिवशी कळले. दोष तिचा नव्हता. पुढे तीन-चार महिन्यांत ती आपसूक मोकळी झाली आणि आज तोच पुतण्या तिच्या पोटावर डोके ठेवून अभ्यास करतो.

म्हणून केंद्रात एकदा नव्हे, दोनदा जावे. एक भेट सकाळची आणि दुसरी खाणे देण्याच्या वेळेची असावी. तिच्यासमोर उभे राहून डोक्यावर हात नेऊ नये; थोडे तिरपे बसावे, नजर दुसरीकडे ठेवावी आणि ती आपण होऊन येते का ते पाहावे. खऱ्या गरीब कुत्रीचे अंग सैल असते, शेपूट कमरेपासून हलते, ती हुंगते, दूर जाते, पुन्हा येते. भेदरलेलीचे अंग ताठ असते, शेपूट पोटाखाली जाते, खाणे समोर नसतानाही ती ओठ चाटते, वारंवार जांभया देते आणि मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपल्याकडे पाहते. अशी कुत्री घेऊच नये असे मी म्हणणार नाही, पण पाच वर्षांच्या मुलाच्या घरी तिला वेळ आणि आडोसा द्यावा लागेल. तिची देखभाल करणाऱ्या माणसाला तिचे पंजे, कान आणि तोंड आपल्यासमोर हाताळायला सांगावे. जी कुत्री हे सहन करते तिच्या अंगावरची गोचीड घरी काढता येते, आणि आपल्याकडे हे काम पावसाळाभर करावे लागते.

लसीकरणाचे कार्ड पाहूनच घ्यावे. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते. नसबंदी झाली आहे का तेही विचारावे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी केल्यावर खूण म्हणून कानाला खाच पाडतात, त्यामुळे कान तुटका दिसला तर तो भांडणात फाटला असे समजू नये.

गोचिडीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या पावसाळ्यात भुरी याच कारणाने हातची जात होती. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड बैलावरच्या गोचिडीहून निराळी असते. रक्त पिऊन झाल्यावर ती खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दगडांच्या फटींत दडून तेथेच अंडी घालते. त्यामुळे नुसते कुत्र्याला धुऊन भागत नाही, ओसरी आणि गोठ्याच्या भेगाही लिंपून घ्याव्या लागतात. कुत्री सुस्त झाली, खाणे सोडले, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर गोचीडताप समजून त्याच दिवशी पशुवैद्याकडे रक्त तपासून घ्यावे. एक विनंती विशेष आहे: पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर फवारायचे औषध पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नये. आमच्या शेजारी हा प्रयोग झाला होता आणि ते कुत्रे सायंकाळपर्यंत जगले नाही.

आता राखणीचा प्रश्न. रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांचा त्रास मीही सोसतो, परंतु धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर एकटे बांधलेले कुत्रे डुकरांना फार काळ थोपवत नाही आणि बिबट्याला मात्र बोलावते. बोर किंवा ताडोब्याच्या जंगलाच्या बाजूच्या गावांत बिबट्याने दारातले कुत्रे उचलल्याच्या गोष्टी कोणालाही विचाराव्यात. मोकळे सोडले तर ते रोह्यामागे धावते, आणि डुकरांसाठी कोणी चोरून तारेत वीज सोडलेली असली तर तिला चिकटते. म्हणून कुत्रीला रात्री दार लागणाऱ्या ओसरीत किंवा गोठ्यात ठेवावे. अनोळखी माणूस आला की ती तेथून सांगेलच. चार महिन्यांनी भुरीही सांगू लागली.

आणायची वेळ शक्यतो हिवाळ्यातली निवडावी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असताना दुपारी तिला गाडीवरून आणणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण आहे. पहिला महिनाभर साखळीशिवाय फाटकाबाहेर नेऊ नये, कारण उभ्या तुरीत शिरलेली नवी कुत्री हाक मारूनही येत नाही. खायला भाकरी, ताक, अंडे चालते. कांदा-लसणाचा सावजी रस्सा कितीही प्रेमाने वाढला तरी चालत नाही, शिजवलेली हाडेही नाहीत. ती खात किंवा झोपलेली असताना मुलाने जवळ जायचे नाही, हा नियम ती येण्यापूर्वीच मुलाकडून पाठ करून घ्यावा.

दुसऱ्या भेटीला मुलाला बरोबर न्यावे आणि घरातली एक जुनी, न धुतलेली गोधडी केंद्रात तिच्यापाशी ठेवून यावी. आठवड्याने तिला आणाल तेव्हा ती गोधडीही परत आणावी आणि ओसरीच्या ज्या कोपऱ्यात तिला ठेवायचे आहे तेथे अंथरावी. भुरीच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून ती बंडीखाली जाऊन झोपत होती.